आधी फूल निवडा, मग किड्याची वाट बघा: घरच्या बागेतले फोटो, अगदी पहिल्यापासून

बागेत पहिल्यांदा मोबाईल नाहीतर कॅमेरा घेऊन उतरलं की जवळजवळ सगळेच एक गोष्ट करतात, फुलपाखरू दिसलं की त्याच्या मागे जातात, ते उडतं, पुढच्या झाडावर बसतं, आपण तिकडे, ते परत उडतं, आणि अर्ध्या तासानंतर गॅलरीत चाळीस फोटो असतात त्यातल्या अडतीसमध्ये नुसती पानं. मीही सुरुवातीला बरेच महिने असंच केलं. मग एकदा पाय दुखत होते म्हणून एका तुळशीच्या कुंडीपुढे स्टूल टाकून बसून राहिले आणि त्या पाऊण तासात जितके चांगले फोटो मिळाले तितके त्याआधीच्या पूर्ण महिन्यात मिळाले नव्हते. तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगते, किड्याच्या मागे जायचं नाही, चांगलं फूल बघायचं, तिथला उजेड, बॅकग्राउंड, फोकस सगळं आधी लावून ठेवायचं आणि बसायचं. किडा येतोच, कारण त्याला त्या फुलाकडे काम असतं.

पहिली पायरी: दोन-तीन दिवस नुसतं बघा

कॅमेरा घरात ठेवा. सकाळी पंधरा-वीस मिनिटं, दुपारी पाच-दहा मिनिटं आणि संध्याकाळी परत एकदा बागेत उभं राहून बघा कुठल्या फुलावर कोण येतंय. बाग म्हणजे मोठं अंगणच हवं असं नाही, गॅलरीतल्या सहा कुंड्या असल्या तरी चालतं.

थोड्याच वेळात लक्षात येईल की आपल्याला जे फूल देखणं वाटतं ते किड्यांना आवडेलच असं नाही. लाल जास्वंद केवढी मोठी, पण मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, तिचा जीव तुळशीच्या त्या बारीकशा मंजिऱ्यांवर. गच्च दुहेरी पाकळ्यांची फुलं कुंडीत छान दिसतात पण त्यांच्यात पराग आणि मध मिळवणं किड्यांना अवघड जातं म्हणून झिनिया, कॉसमॉस, झेंडू यातली एकेरी पाकळ्यांची जात लावली तर पाहुणे जास्त येतात. कोथिंबीर, बडीशेप, तुळस फुलावर आली की लोक उपटून टाकतात किंवा खुडतात, ते करू नका, दोन-चार झाडं फुलू द्या, त्यांच्या बारीक फुलांवर इतके छोटे छोटे किडे येतात की तुम्ही बघतच राहाल. घाणेरीचा गुच्छ असेल तर नीट बघा, नुकती उमललेली फुलं पिवळी असतात आणि जुनी होतील तशी गुलाबी-लाल होत जातात, फुलपाखरं बहुतेक वेळा पिवळ्यांमध्येच सोंड घालतात. हे एकदा कळलं की फोकस गुच्छाच्या कुठल्या भागावर लावून ठेवायचा हे आपोआप कळतं.

वेळेचंही तसंच आहे. चिनी गुलाब ऊन चढल्यावर उघडतो, गुलबक्षी संध्याकाळी, रातराणी अंधार पडल्यावर. संध्याकाळी उजेड जायच्या सुमारास गुलबक्षीपाशी थांबलात तर हॉकमॉथ हा मोठा पतंग हवेत एका जागी तरंगत लांब सोंडेनं मध पिताना दिसू शकतो.

दुसरी पायरी: हातात जे आहे त्यानंच सुरुवात

मोबाईल पुरतो, खरंच पुरतो. फुलांसाठी तर पुरतोच, मोठ्या फुलपाखरांना आणि शांत बसलेल्या किड्यांनाही पुरतो. फक्त दोन-तीन गोष्टी करा. फोटो काढण्याआधी लेन्स मऊ कापडानं पुसा, खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटांचे डाग असतातच आणि मग सगळ्या फोटोत एक धुरकट चमक येते. मोबाईलचा स्वतःचा मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, बऱ्याचदा अल्ट्रावाइड लेन्सवर चालतो, त्यात किड्याच्या फार जवळ जावं लागतं आणि आपलीच सावली पडते, त्यामुळे आधी टू एक्स किंवा थ्री एक्सची लेन्स वापरून थोडं लांबून काढून बघा. स्क्रीनवर जिथे फोकस हवाय तिथे बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (म्हणजे फोटोतला उजेड) लॉक होतं, मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. क्लिपवाली मॅक्रो लेन्स मिळते तीही चालते, पण तिचा फोकस एका ठराविक अंतरावरच लागतो, म्हणून मोबाईल हलवून ते अंतर शोधायचं, स्क्रीनवर टॅप करत बसून उपयोग नाही.

कॅमेरा असेल तर आहे त्या लेन्सनं सुरू करा. पुढे जवळ जायची इच्छा झाली तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची नळी) किंवा पुढे लावायची क्लोजअप लेन्स हे स्वस्तातले उपाय, आणि आवड टिकली तर मॅक्रो लेन्स. मॅक्रोमध्ये ९० ते १०५ मिलिमीटरवाली मी आधी सुचवेन, कारण पूर्ण जवळ गेलं तरी लेन्सचं तोंड आणि किडा यांच्यात वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर राहतं. ५०-६० वाली घेतली की जवळजवळ त्याच्या अंगावरच जावं लागतं आणि तो उडून जातो.

ट्रायपॉड फुलांसाठी चांगला, किड्यांसाठी अडचणच. त्याऐवजी एक युक्ती सांगते जी मी रोज वापरते: डाव्या हाताच्या अंगठा आणि बोटामध्ये फुलाचा देठ हलकेच धरायचा आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची. आता वारा आला तरी फूल आणि लेन्स एकत्र हलतात, मधलं अंतर बदलत नाही. देठ धरताना मात्र अगदी सावकाश, आणि फुलावर किडा यायच्या आधी धरता आला तर उत्तमच. मधमाशी किंवा गांधीलमाशी येणारं फूल असेल तर बोटं फुलापासून लांब, देठाच्या खालच्या बाजूला ठेवा.

तिसरी पायरी: उजेड

भर दुपारचं ऊन टाळा एवढं सगळेच सांगतात, पण का ते कळलं तर लक्षात राहतं. वरून पडणाऱ्या कडक उन्हात पाकळीचा वरचा भाग पांढराफटक आणि फुलाचा आतला भाग काळा होतो, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. सकाळचं तिरकं ऊन किंवा ढगाळ आकाश म्हणजे फुलांसाठी सोनं. दुपारीच वेळ मिळत असेल तर ऊन आणि फूल यांच्यामध्ये पातळ पांढरं कापड नाहीतर पांढरी छत्री धरा आणि अंधाऱ्या बाजूला एक पांढरा कागद उभा करा, फरक लगेच दिसतो.

सकाळ किड्यांसाठीही चांगली, कारण त्यांच्या अंगातली ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते, गारव्यात त्यांना पटकन उडता येत नाही. फुलपाखरं तेव्हा पंख पसरून ऊन खात बसतात. आणि खूप लवकर, उजाडायच्या सुमारास गेलात तर वाळलेल्या काड्या नीट तपासा. मला एकदा अशाच एका सुक्या काडीला तीन माश्या चिकटलेल्या दिसल्या, पोटावर निळसर पट्टे, पाय अंगाशी घेतलेले, आणि नीट बघितलं तर तिघींनीही काडी फक्त जबड्यात धरलेली, सगळं शरीर त्या एका पकडीवर आडवं तोललेलं, डोळ्यांवर दवाचे बारीक थेंब. हे मधमाशीच्याच नात्यातल्या, निळ्या पट्ट्यांच्या, एकटं राहणाऱ्या माश्यांचे नर, त्यांना पोळं नसतं, ते रात्री असेच झोपतात आणि बरेचदा रोज त्याच काडीवर येतात. म्हणून बाग साफ करताना सगळ्या सुक्या काड्या उपटू नका. अशा झोपलेल्या माशीचे फोटो नवीन माणसालाही छान जमतात, ती हलत नाही, वेळ भरपूर मिळतो, फक्त ऊन तिच्यावर यायच्या आत आटपा.

रंगाबद्दल एक. लाल फूल फोटोत नुसता लाल डाग दिसतं, पाकळीवरच्या शिरा गायब होतात, ही तक्रार फार येते. त्याचं कारण कॅमेऱ्याचा लाल रंगाचा भाग आधीच भरून वाहतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), शिरा परत दिसतील. पिवळ्याचंही थोडं तसंच. पांढऱ्या फुलाचं दोन्हीकडून आहे: पांढरं फूल पूर्ण फ्रेम भरून घेतलं तर कॅमेरा ते राखाडी करतो, तिथे उजेड थोडा वाढवा, आणि गडद पानांमध्ये एकच छोटं पांढरं फूल असेल तर ते फोटोत जळून जातं, म्हणजे नुसतं पांढरंफटक येतं, तिथे कमी करा.

चौथी पायरी: मागे काय आहे

फूल निवडताना मी आधी त्याच्या मागे बघते, फुलाकडे नंतर. मागे पाईप, भिंतीची कड, वाळत घातलेला टॉवेल, चकाकणारं पान असं काहीही असेल तर एक पाऊल डावी-उजवीकडे सरकून किंवा गुडघ्यावर बसून ते फ्रेमबाहेर घालवता येतं. फूल आणि त्यामागचं झाड यांच्यात जितकं जास्त अंतर तितकं मागचं मऊ दिसतं, म्हणून कुंडी असेल तर सरळ उचलून मोकळ्या जागेत ठेवा, कुंड्यांचा हा मोठा फायदा आहे. आणि कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा. उभ्यानं वरून काढलेला फोटो माणसाच्या नजरेचा असतो, किड्याच्या पातळीला गेलात की तेच झाड जंगल वाटतं.

पाचवी पायरी: फोकस आणि सेटिंग, इथे जरा थांबून वाचा

जवळून फोटो काढताना सगळ्यात जास्त त्रास होतो तो यानं, की फारच थोडा भाग स्पष्ट येतो. आकडा सांगते म्हणजे पटेल. फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारा भाग) वन-टू-वन म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं घेतलं आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ ८ ठेवलं तर साधारण १ मिलिमीटर जाडीचा पट्टाच शार्प येतो. मधमाशी सेंटिमीटरभर लांब, म्हणजे डोळा घेतला तर पंख गेले. थोडं मागे सरकून अर्ध्या आकाराला आलात तर हाच पट्टा जवळजवळ ३ मिलिमीटर होतो. म्हणून नवीन असताना पूर्ण जवळ जायचा हट्ट करू नका, थोडं लांबून काढा आणि नंतर क्रॉप करा.

ॲपर्चर एफ ८ ते एफ ११ मध्ये ठेवा. एफ २२ केलं की सगळं शार्प येईल असं वाटतं पण तसं होत नाही, आकडा मोठा म्हणजे भोक लहान, आणि ते इतकं लहान केल्यावर प्रकाश कडांवर पसरतो आणि पूर्ण फोटोच मऊ होतो. शटर स्पीड, म्हणजे उजेड आत यायचा वेळ, बसलेल्या किड्याला १/२५० सेकंद तरी, वारा असेल तर १/५००, उडत्याला १/१००० च्या पुढे. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेच्या वर वेळा हलतात, त्यामुळे १/१००० लाही पंख पुसटच येतात आणि ते चांगलंच दिसतं, डोळा शार्प असला की पुरे. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, वाढवायला घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो वाचवता येत नाही. फ्लॅश असेल तर कमी ताकदीवर वापरा, तेव्हा त्याची चमक इतकी क्षणिक असते की हालचाल गोठते, पण त्याच्यासमोर ट्रेसिंग पेपर किंवा पांढऱ्या कापडाचा डिफ्यूजर हवाच, नाहीतर ढालकिड्यासारख्या चकाकत्या पाठीवर एक पांढरा ठिपका सोडून काही दिसणार नाही.

फोकस कुठे? डोळ्यावर. बाकी काही चुकलं तरी चालेल. ऑटोफोकस पुढे-मागे भटकत असेल तर मॅन्युअलला टाका, अंतर एकदा ठरवा आणि मग रिंग न फिरवता स्वतः अगदी थोडं पुढे-मागे झुका, डोळा स्पष्ट दिसला की दाबा, एकदम चार-पाच फोटोंचा बर्स्ट. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू मात्र वेगळं, तिथे कॅमेरा त्याच्या पंखाला बरोबर समांतर धरा, म्हणजे तो पातळ शार्प पट्टा पूर्ण पंखावर बसतो. थोडं तिरकं झालं तरी अर्धा पंख धूसर.

आता फुलाचा सराव. किडा येईपर्यंत बसलोच आहोत तर पाकळ्यांवरच्या रेघा बघा, बऱ्याच फुलांवर मधाकडे जाणाऱ्या गडद रेघा किंवा ठिपके असतात. १७९३ साली ख्रिस्टियन कोनराड स्प्रेंगेल या जर्मन शिक्षकानं लिहून ठेवलंय की या खुणा किड्यांना वाट दाखवण्यासाठी असतात. त्या रेघा फ्रेमच्या कडेकडून आत जातील असं फूल धरलं की फोटो बघणाऱ्याची नजरही तशीच आत जाते, आणि किडाही त्याच वाटेनं येतो, म्हणजे फोकस कुठे लावून ठेवायचा तेही ठरलं.

सहावी पायरी: बसा, ऐका, सरका

किड्यांना झटका दिलेली हालचाल आणि अंगावर पडणारी सावली लगेच कळते, पण सावकाश हालचाल ते बऱ्याच प्रमाणात चालवून घेतात. म्हणून सूर्य कुठे आहे ते बघा, आपली सावली फुलावर पडू देऊ नका, कॅमेरा आधीच डोळ्याला लावून मग पुढे सरका, जवळ जाऊन हात वर उचलू नका. पहिला फोटो लांबूनच काढा, मग थोडं पुढे, परत एक. उडालं तर जागेवरच थांबा. होव्हरफ्लाय ही हवेत एका जागी तरंगणारी माशी तर त्याच जागी परत परत येते, तिथे आधीच फोकस लावून ठेवता येतो.

आणि कान उघडे ठेवा. टोमॅटो किंवा वांग्याला फुलं आली असतील तर तिथे एक फार सुंदर गोष्ट घडते. या फुलांचा पराग बंद नळीत असतो, टोकाला बारीक छिद्र. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा मोठा काळा भुंगा फुलाला घट्ट बिलगतो, अंग वाकवतो आणि पंख न हलवता नुसते उडायचे स्नायू थरथरवतो, तेव्हा आवाज एकदम बदलतो, गुणगुण थांबून चिरका बझ्झ् होतो आणि पिवळी धूळ खाली पडते. मधमाशीला हे जमत नाही. तो आवाज आला की एक-दोन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात माशी एका जागी असते, बर्स्ट तिथेच मारायचा. भुंग्याचं अजून एक, लांब नळीच्या फुलांच्या बुडाशी बारीक चिरा दिसल्या तर ते त्याचं काम, समोरून आत जाता येत नाही म्हणून तो बाजूनं चीर पाडून मध पितो. अशा फुलाचा फोटो बाजूनंच काढा.

कधीकधी फुलावर मधमाशी बसलेली दिसते आणि आपण खूश होतो की अरे ही हलत नाहीये. खूप वेळ हलली नाही, पाय लोंबकळतायत, डोकं पाकळीत अडकल्यासारखं वाटतंय, तर लेन्समधून पाकळीची कड बघा. तिथे पाकळीच्याच रंगाचा खेकड्यासारखे पुढचे पाय पसरलेला कोळी असेल. तो जाळं विणत नाही, फुलातच दबा धरतो, यातल्या काही जाती काही दिवसांत पांढऱ्याच्या पिवळ्याही होतात. बघून वाईट वाटलं तरी माशी सोडवायला जाऊ नका, ती गेलेली असते आणि कोळ्याचं जेवण जातं. शांतपणे फोटो घ्या, कोळी जागा सोडत नाही.

ओळखायचं कसं

सगळ्या पिवळ्या-काळ्या पट्टेवाल्या मधमाश्या नसतात. पंख दोन, डोळे डोकंभर मोठे आणि मिशा अगदी आखूड असतील तर ती मधमाशी नाही, साधी माशी, बहुतेक होव्हरफ्लाय, तिला नांगी नसते. मधमाशीला पंख चार आणि मागच्या पायांवर परागाचे गोळे. पोटाच्या खालच्या बाजूला पराग माखलेला असेल आणि गुलाबाच्या पानांना गोल गोल कापलेलं दिसत असेल तर ती मधमाशीच्या नात्यातली पानं कापणारी माशी, ती पानाचे तुकडे घरट्याला नेते, झाडाचं काही बिघडत नाही, औषध मारू नका. ओळख पटवायची असेल तर एक छान फोटो पुरत नाही, वरून, बाजूनं आणि समोरून असे तीन हवेत, शिवाय कुठल्या झाडावर आणि किती वाजता ते लिहून ठेवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकलं तर जाणकार लोक नाव सांगायला मदत करतात.

हे करू नका

किडा हलू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवणं, चिकटवणं, पंखावर पाणी मारणं, हे काही लोक करतात आणि मला ते अजिबात मान्य नाही. फुलावर थेंब हवे असतील तर किडा नसताना मारा. जोडी जमलेली असेल तर लांबूनच काढा. मधमाश्यांचं किंवा गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर त्याच्या जवळ फ्लॅश घेऊन जायचंच नाही, डंखाची ॲलर्जी असेल तर जास्तच जपा. आणि कीटकनाशक फवारलेल्या बागेत हे सगळं वाचून काही उपयोग नाही, तिथे कोणी येणारच नाही. मावा दिसला तरी लगेच फवारू नका, आठवडाभर थांबा, त्याला खायला ढालकिडे आणि होव्हरफ्लायच्या अळ्या येतात.

घरात आल्यावर

फोटो मोठे करून डोळा बघा, डोळा धूसर असेल तर डिलीट, मन घट्ट करून. राहिलेल्यात थोडा क्रॉप, सावल्या जरा उजळ, बस. रंग भडक करू नका, फुलाचा रंग तसाही पुरेसा असतो.

पहिल्या महिन्यात एकच झाड घ्या असं मी सांगेन आणि लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर तोच घ्या. कोवळ्या पानांवर फिक्या पिवळसर मोत्यासारखं फुलपाखराचं एकेक अंडं शोधा, मग येणारा सुरवंट सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवागार, मग फांदीला कमरेभोवती दोरा बांधून कोष. रोज एक फोटो, त्याच बाजूनं, त्याच अंतरावरून. कोष गडद झाला आणि आतून पंखांची नक्षी दिसायला लागली की समजा बाहेर यायची वेळ जवळ आली, रात्रीच बॅटरी चार्ज करून ठेवा. बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात, फुलपाखरू लटकून ते सुकवत बसतं, तेव्हा फांदीला हात लावू नका, बाजूनं बसा, पंख पूर्ण ताणले गेले की कॅमेरा समांतर आणा आणि पहिल्या उघडझापेची वाट बघा.